फॉल-पिकोला न आलेल्या साड्या

बाई, तुझी शिवण वाकडी होती. तू असताना हे मी तुझ्या तोंडावर म्हणत होते. आता तू गेलीस म्हणून गोड बोलायला लागले, तर तूच म्हणशील, "काय वो मंदे, तब्येत बरी नाही का तुही?" तेव्हा हे आधीच सांगून मोकळी होते.

आमगावात स्टेशनच्या रस्त्यावर माझं लेडीज टेलरिंगचं दुकान. ब्लाउज, फॉल-पिको, शाळेचे गणवेश, आयुष्य त्यातच गेलं. माझी शिवण पट्टी लावून बघितली तरी हलायची नाही. आणि माझी सख्खी मोठी बहीण तिकडे बिरसीत बसून एक टाका पूर्वेला, एक पश्चिमेला घालायची, आणि ते बघायला लोक गाडी करून यायचे. मला राग यायचा का? यायचा की. आणि त्याच वेळी छाती अशी फुगायची की माझ्याच ब्लाउजचे हूक तुटतील असं वाटायचं.

तुझी तेरवी होऊन महिना होत आला. भेटायला येणारे अजून येतात आणि सुरुवात 'बिचारी' या शब्दापासून करतात. तो शब्द मला सहन होत नाही. तू काही बिचारी नव्हतीस. तू हट्टी होतीस, चहात साखर जास्त घालायचीस, दुसऱ्याचं बोलणं अर्ध्यात तोडायचीस. बिचारी कधीच नव्हतीस.

परवा दुकानात एका नव्या गिऱ्हाईकानं विचारलं, तुमची बहीण नेमकं करायची काय? मी तिच्या बाहीचं माप घेता घेता सांगितलं. मेलेल्या माणसाचा जुना फोटो घ्यायचा. त्याच्या कपड्यांचे तुकडे घ्यायचे, धोतराचा काठ, लुगड्याचा पदर, स्वेटरची बाही, जे हाती लागेल ते. त्याच्या खिशात, पेटीत, कोनाड्यात सापडलेलं बारीकसारीक घ्यायचं, म्हणजे बटण, किल्ली, चष्म्याची काडी, कंदिलाची वात वर करायची कळ. हे सगळं एका जाड गोधडीवर असं बसवायचं की घरच्यांनी पाहिल्यावर म्हणावं, हो, हाच तो. ती म्हणाली, म्हणजे कोलाज. मी म्हटलं, असेल, माझी बहीण त्याला चित्तर म्हणायची. मग मला पुढचं माप चुकायला लागलं, म्हणून तिला उद्या यायला सांगितलं.

सुरुवात भाऊजींपासून झाली. ते राइस मिलमध्ये मिस्त्री होते, अंगाला कोंढ्याचा वास आणि खिशात कायम काहीतरी लोखंड. ते गेले तेव्हा तुझ्या सासूनं, जिला आम्ही सगळेच माय म्हणतो, त्यांच्या कपड्यांचं गाठोडं बांधलं. तुमच्या घरची रीत तशीच. मेलेल्याचं कापड घरात ठेवायचं नाही, दहाव्याला नदीवर नेऊन पाण्यात सोडायचं. कापड राहिलं तर माणसाचा जीव त्यात अडकून राहतो, त्याला पुढची वाट सापडत नाही, असं माय म्हणायची. तू वाद घातला नाहीस. गाठोडं बांधायच्या आधी भाऊजींच्या निळ्या शर्टाचा खिसा तेवढा कापून घेतलास, आणि बाकीचा शर्ट घडी घालून मायच्या हातात दिलास. खिशात बिडीचा चुरा होता आणि एक वायसर, नटाखाली घालतात ती लोखंडी चकती.

त्या खिशाभोवती तू पहिलं चित्तर केलंस. लग्नातला फोटो, खिसा, वायसर, तुझ्या लग्नातल्या शालूचा काठ. मी पाहायला आले आणि पहिलं वाक्य बोलले, "बाई, कडा तरी दुमड." तू म्हणालीस, "दुमडली की आतलं दिसत नाही." झालं. तिथून आपला वाद जो सुरू झाला तो शेवटपर्यंत चालला. दोरे लोंबणारी कड माझ्या डोळ्यांना टोचते. आजही टोचते. तू जगातून गेलीस म्हणून कच्ची कड पक्की होत नाही.

ते चित्तर तू पूर्ण केलं नाहीस. शेवटचा टाका ठेवलास, सुई दोऱ्यासकट कापडात खोचलीस आणि मायसमोर धरलंस. "हा तुम्ही घाला, माय. तुमचा लेक हाय." मायनं तोंड फिरवलं. म्हणाली, "मी त्याले मोकळं केलं. तू त्याले बांधून ठेवून रायली. मले यात हात लावाले सांगू नको." तू ते गुंडाळून पेटीत ठेवलंस, सुईसकट. नंतर दोघी एका घरात राहिलात, एका चुलीवर जेवलात, तू तिचे पाय दाबलेस, तिनं तुझ्या तापात तुझ्या डोक्यावर पट्ट्या ठेवल्या, पण त्या पेटीचा विषय कोणीच काढला नाही. मी एकदा काढला तर तू मला पोह्याची बशी देऊन गप्प केलंस.

मग शेजारची आली, तिच्या बापाचं कर म्हणून. मग तिची नणंद. मग पलीकडच्या गावची. मायला ते कधी आवडलं नाही. तुझ्याकडे पिशव्या घेऊन येणाऱ्या बायांकडे पाहून ती खाटेवरून पुटपुटायची, "गावातल्या साऱ्या मेल्यायच्या चिंध्या आमच्याच घरी." पण त्याच बायांना चहा करायला तुझ्या सुनेला हाकही तीच मारायची. तू ओसरीवर पाय पसरून बसायचीस, मांडीवर चित्तर, दातात दोरा. वरती, गावाजवळच्या विमानतळावर उडायला शिकणाऱ्या पोरांची विमानं घिरट्या घालत असायची. तू मान वर करून म्हणायचीस, "पाह्य, अजून फेऱ्याच मारून रायले. उतराले भेतेत."

तुझे नियम मात्र कडक. मूळ फोटोला कैची लावायची नाही. जित्या माणसाला चित्तरात घ्यायचं नाही. आणि शेवटचा टाका घरच्यानं घालायचा, म्हणून चित्तर घरी देताना सुई खोचलेलीच. या तिसऱ्या नियमावरून मी तुझ्याशी किती भांडले. मी म्हणायचे, "मी अशी सुई लटकत ठेवून ब्लाउज दिला तर गिऱ्हाईक माझ्या अंगावर फेकून मारंल." तू म्हणायचीस, "ब्लाउज तू पुरा करू शकते. दुसऱ्याचं मानूस मी कसं पुरं करू?" बोलायला तू हुशार, ते मी कबूल करते. पण धंदा म्हणून ते चूकच होतं.

फोटो कापडावर छापायला आपण गोंदियाला जायचो. कप आणि टीशर्टवर फोटो छापणारा तो दुकानदार आठवतो? सगळ्यांना गोरं करून टाकायचा. दरेकशाच्या सुखवंताबाईच्या नवऱ्याचा फोटो नेला होता आपण. तो जंगलात बांबू तोडायचा. घरात त्याचा फोटो एकच, कुठल्या तरी जुन्या ओळखपत्रावरचा, आणि त्यावर अर्ध्या गालावर शिक्का उमटलेला. दुकानदार म्हणाला, "दीदी, ठप्पा हटा देता हूं, चेहरा क्लीन हो जाएगा." तू काउंटरवर हात आपटलास. "हटाना नहीं. घरवाले सिक्के के साथ ही पहचानते हैं." तुझं हिंदी ऐकून मला हसू आवरेना. तो माणूस मात्र त्यानंतर कोणाचा डाग काढायचा असला की आधी तुला विचारायला लागला.

त्या चित्तराचा मला सगळ्यात जास्त अभिमान आहे, आणि तू समोर असतीस तर हे मी असं सरळ म्हटलं नसतं. सुखवंताबाईनं पिशवीत फारसं काही आणलं नव्हतं. एक लुंगी, एक विरलेलं बनियन, आणि पायातला काटा काढायचा लोखंडी चिमटा, जो तो कमरेच्या करगोट्याला बांधून फिरायचा. तू लुंगीच्या चौकड्यांची झाडं केलीस. बनियनची जाळी उन्हासारखी त्यांच्या मधून सोडलीस. आणि चिमटा त्याच्या गालाखाली असा टाचलास की शिक्का, गाल आणि चिमटा मिळून तो माणूस आत्ता मान वाकवून पायातला काटा काढेल असं वाटावं. मी अर्धा जन्म कापड कापते आहे. लुंगीत झाड आहे हे मला दिसलं नसतं.

गोंदियाला हातकामाचं प्रदर्शन भरलं, त्यात तुझी चित्तरं लावायची ठरली. नागपूरहून आलेल्या मॅडम फार चांगल्या होत्या. त्यांनी एवढंच म्हटलं की लहान मुलं येतात, कोणाला लागेल, लटकणारी सुई काढून टाका. मी लगेच त्यांच्या बाजूनं झाले. खरं सांगायचं तर मला संधीच हवी होती. तू म्हणालीस, "सुई काढली म्हणजे काम पुरं झालं असं होते. मंग मी हे घरी नेते." आणि खरंच भिंतीवरून काढायला लागलीस. शेवटी तूच तोड काढलीस. दरेकशाला निरोप धाडलास, सुखवंताबाई दुसऱ्या दिवशी गाडीनं आली, आणि भरल्या हॉलमध्ये, सगळ्या लोकांसमोर, तिनं तो शेवटचा टाका घातला. कोणी टाळ्या वाजवायला लागलं तर तू त्यांच्याकडे असं पाहिलंस की हात तिथंच थांबले.

मग ती तिथंच, नवऱ्याच्या खाली, जमिनीवर बसली आणि डबा सोडला. म्हणाली, "आज मानसासंग जेवून रायली मी." भाकरी मोडता मोडता तिनं वर पाहिलं आणि बोट लावून विचारलं, "सारं वळखते मी. हा पिवळा तुकडा कोनाचा वो?" फोटोच्या मागे, गादीसारखा, एक मोहरी रंगाचा तुकडा होता, त्यावर काळी पानं. तू म्हणालीस, "घरचाच हाय," आणि तिच्या भाकरीवर लोणचं वाढलंस. मला वाटलं अस्तर असेल. प्रत्येक चित्तरात चेहऱ्याखाली तू असं काहीतरी घालायचीसच. मी शिवणवाली, अस्तराकडे कोण बघतं.

आणखी एक गोष्ट सांगते, आता लपवायचं काय. तू लोकांची चित्तरं करायला लागलीस, तेव्हापासून माझ्या दुकानात साड्या आणणं बंद केलंस. आधी नवी साडी घेतली की पहिली फॉल-पिकोला माझ्याकडे यायची. मग यायचीच बंद झाली. मी विचारलं तर म्हणायचीस, "फॉल कायले लागते, घरीच तं नेसाची हाय." मी मनात ठेवलं. वाटलं, गोंदियात कोणी स्वस्त भेटली असेल. सख्ख्या बहिणीनं दुसरीकडे फॉल लावून घ्यावा, हे टेलरला किती लागतं ते तुला काय माहीत. तुझ्या अंगावर नवी साडी दिसली की मी खालची किनार बघायचे, कोणाचा हात आहे ते ओळखायला. कोणाचाच नसायचा. बिनफॉलची साडी नेसून तू अशी ऐटीत फिरायचीस.

गेल्या दिवाळीत तू दुकानात बसली होतीस, चिवडा खात. मशीनचा आवाज चालू होता, त्यातच म्हणालीस, "मंदे, माहं चित्तर तू करजो."

मी पाय थांबवला नाही. म्हटलं, "मी करीन तं मशीनवर करीन. कडा दुमडून, इंटरलॉक मारून."

"मंग नको करू."

"मंग नाही करत."

तू चिवड्यातले शेंगदाणे वेचून खाल्लेस, ज्याचा मला नेहमी राग येतो, कारण मग उरतात नुसते पोहे. चहा आला, गिऱ्हाईक आलं, बोलणं तिथंच राहिलं. तू पुन्हा काढलं नाहीस आणि मीही नाही. आपल्याला वाटलं, भांडायला वेळ भरपूर आहे.

मग त्या दुपारी तू गॅसवर चहा ठेवून खुर्चीत टेकलीस आणि उठलीच नाहीस. चहा उतू जाऊन गॅस विझला तेव्हा सून धावली. एवढंच. यापलीकडे त्या दिवसाबद्दल मला लिहायचं नाही.

मी आले तेव्हा मायनं तुझ्या साड्यांचं गाठोडं बांधून ओट्यावर ठेवलेलं होतं. नव्वदीला टेकलेली, डोळ्यांना नीट दिसत नाही, तरी एकेक साडी स्वतः घडी घातली म्हणे, कोणाला हात लावू दिला नाही. मी तिच्याशेजारी बसले. म्हटलं, "माय, यातली एक साडी मले द्या. बाईचं चित्तर कराचं हाय."

माय म्हणाली, "नाही."

मी म्हटलं, "साऱ्या गावाची चित्तरं तिनं केली. तिचंच राहावं का?"

मायनं माझा हात घट्ट धरला. "पोरी, जनमभर तिनं लोकायचे मेलेले आपल्या मांडीवर घेतले. लय ओझं वाहिलं तिनं. आता तिले तरी मोकळी जाऊ दे. तिचं कापड मी कोनाले देनार नाही."

ती वैर करत असती तर मी भांडले असते, भांडायला मी कधी मागे नाही. पण ती तुझ्यावर माया करून नाही म्हणत होती. तुझा प्रवीण मला बाजूला घेऊन म्हणाला, "मावशी, मी गाठोड्यातली एक गुपचूप काढून ठेवतो." मी त्याला दटावलं. म्हटलं, तुझ्या आईनं खिसा कापला तेव्हा बाकीचा शर्ट आजीच्या हातात दिला होता, लपवला नव्हता. चोरीच्या साडीचं चित्तर तुझ्या आईला चालणार नाही. असं बोलले खरी. पण गावोगावच्या मेलेल्यांना भिंतीवर मिळालेली जागा तुला मिळणार नाही, आणि शेवटी राहील काय, तर तुझ्या सुनेच्या मोबाइलमधला, कुठल्याशा बारशातला तुझा फोटो. हे मला पटत नव्हतं.

दहाव्याला आम्ही सगळे गावाजवळच्या वाघ नदीवर गेलो. बिरसीच्या बाया होत्या, आसपासच्या गावांतल्या होत्या, सुखवंताबाईही दरेकशाहून आली होती. गाठोडं बांधलेलं पाण्यात सोडत नाहीत, गाठ राहायला नको म्हणून एकेक कापड झटकून, मोकळं करून सोडतात. मायला पाण्याजवळ खुर्ची दिली होती. ती एकेक साडी चाचपून द्यायची, मी आणि सून दोन टोकं धरून झटकायचो, प्रवीण पाण्यात उभा राहून सोडायचा.

पहिल्या साडीचं टोक माझ्या हातात आलं आणि माझा हात थांबला. कमरेला खोचायच्या बाजूचा कोपरा नव्हता. तळहाताएवढा तुकडा कापलेला. मला वाटलं उंदरानं कुरतडलं. दुसरी उघडली, तिथंही नाही. तिसरी, चौथी. सगळ्यांचा तोच कोपरा गेलेला, जो निऱ्यांच्या आत कमरेला खोचला जातो आणि जन्मात कोणाला दिसत नाही. आणि कापलेली कड नागमोडी. बाई, ती कैचीची चाल मी आंधळी झाले तरी ओळखेन. अशी वाकडी कैची आपल्या अख्ख्या जिल्ह्यात दुसऱ्या कोणाची नाही.

मग मोहरी रंगाची निघाली, काळ्या पानांची. मी ती धरून उभी राहिले आणि मागून सुखवंताबाई पुढं आली. तिनं कापलेल्या जागी हात ठेवला. म्हणाली, "हा तुकडा माह्या घरी हाय. माह्या मानसाच्या डोक्याखाली."

त्यावर बिरसीतली शेजारीण म्हणाली, थांबा, ती जांभळी दाखवा. जांभळीचा कोपरा तिच्या बापाच्या चित्तरात होता. हिरव्या ठिपक्यांचा तिच्या नणंदेकडे. बाया एकेक साडी उचलून बघायला लागल्या, कोणाची कोणती ते ओळखायला लागल्या. नदीवर रडायला आलेल्या बाया भांडायला लागल्या, ही माझ्या सासूच्या चित्तरातली, नाही माझ्या भावाच्या. आणि मी तिथं वाळूत बसून हसले आणि रडले, दोन्ही. म्हणून फॉल-पिकोला येत नव्हत्या होय तुझ्या साड्या. मी कोपरा पाहिला असता तर बोंब ठोकली असती, चांगल्या साडीला कैची लावली म्हणून. तुला माहीत होतं. बहिणीला बरोबर ओळखलं होतंस.

का केलंस, ते मला माहीत नाही. तुला विचारलं असतं तर म्हणाली असतीस, "जवळ होतं ते घेतलं." कदाचित तेवढंच असेल. पण कोणाच्याही माणसाचं डोकं तू नुसत्या गोधडीवर टेकवलं नाहीस, आपल्या अंगावरचं कापड दिलंस, आणि कोणाला कळू दिलं नाहीस. माझी बहीण आहे ही. हे मी आता सगळ्यांना सांगते, माप घेताना, हिशोब करताना, रिक्षात बसताना.

मायला दिसत नव्हतं काय चाललंय ते. मी तिला सांगितलं. तिनं मोहरी साडी मागितली, कापलेली कड बोटांनी चाचपत राहिली, इकडून तिकडे. म्हणाली, "मले वाटे, हे लोकायच्या मेल्यायले घरात आनून रायली. हे तं सोताच त्यायच्या घरी जाऊन रायली होती." मग साडी माझ्या मांडीवर टाकली. "हे पान्यात सोडून का उपेग? ज्या घरी जाची त्या घरी गेली ते. घे. करजो तिचं."

बाकीच्या साड्या मायनं सोडायला लावल्याच. रीत ती रीत. मीही अडवलं नाही.

तुझं चित्तर मी करायला घेतलं. फोटो कोणता, यावर माझ्याशीच माझं भांडण झालं. शेवटी आपल्या दोघींचा लहानपणीचा घेतला, एकाच थानातल्या कापडाचे फ्रॉक घालून, मागे स्टुडिओतला रंगवलेला ताजमहाल, तू हसतेयस आणि मी रुसलेली. मूळ फोटोला कैची लावली नाही. गोंदियाला त्या दुकानदाराकडे गेले. तुझं कळल्यावर त्यानं फोटो दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाला, "दीदी, इसमें आप भी हो. आपको हटा दूं?" जित्या माणसाला चित्तरात घ्यायचं नाही, तुझा नियम. मी म्हटलं, मला काढा, पण तिच्या खांद्यावरचा माझा हात राहू द्या. तो हात ठेवलाय मी. तुला चालणार नाही, माहीत आहे. येऊन भांड.

मशीनवर बसले होते आधी, खरं सांगते. दोन शिवणी मारल्या, चेहऱ्याच्या कडेनं. इतक्या सरळ आल्या की तू ओळखूच येईना. उसवल्या. हातानं घातले टाके, कडा दुमडल्या नाहीत, दोरे लोंबताहेत. बघताना अजून डोळ्यांना टोचतं. तुझ्या मोहरी साडीचा पदर, तुझा जुना चष्मा, शेंगदाण्यासारखी दिसणारी दोन लाकडी बटणं, मशीनच्या तेलाचा डाग पडलेला माझ्या दुकानातला कापडाचा एक पट्टा, आणि चेहऱ्याखाली माझ्या साडीचा कोपरा, कमरेकडचा. तेवढं तर तू मला शिकवूनच गेलीस.

परवा ते बिरसीला घेऊन गेले. ओसरीवर टांगलं, सुई खोचलेली. प्रवीणनं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. शेवटचा टाका कोणाचा, हे ठरलं नव्हतं. वरती ती पोरांची विमानं चालूच होती. माय खाटेवरून म्हणाली, "इकडं आना ते."

आम्ही चित्तर तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं तुझा चेहरा हातानं शोधला, नाक, कपाळ, खांद्यावरचा माझा हात. मग सुई धरली. एकदा तिच्या बोटाला टोचलं, पण तिनं सोडली नाही. टाका पडला. वाकडा, बाई, तुझ्याहूनही वाकडा, तुझ्या कानातून थेट ताजमहालात. माझा हात सवयीनं कैचीकडे गेला, उसवायला. मग मी कैची पिशवीत टाकली आणि गाठ मारून दिली.

मायनं चित्तर परत केलं नाही. मांडीवरच ठेवून म्हणाली, "आता पोराचं आना."

प्रवीणला आधी समजलं नाही. मला समजलं. पेटी मीच उघडली. निळा खिसा, वायसर, शालूचा काठ, सगळं तू ठेवलं होतंस तसंच होतं. सुई मात्र इतकी वर्षं थांबून गंजून कापडात घट्ट बसली होती. ती मी हळूच ओढून काढली, आणि मायच्या हातात नवी ओवून दिली.